मशीनमागची खिडकी
कॉलेजच्या मुलांनी स्पर्धेसाठी केलेला स्वस्त घराचा पुठ्ठ्याचा नमुना टेबलावर ठेवला आणि शिवणकामवाल्या मावशी त्यावर वाकल्या. चार महिने मुलं त्यांच्याच खोलीत मापं घेत होती. मशीनवर ऊन किती वाजता येतं, तेसुद्धा त्यांनी टिपलं होतं. “मशीनमागची खिडकी कुठे गेली?” मावशींनी विचारलं. “ती मी पुढच्या भिंतीत घेतली,” मार्गदर्शक सर म्हणाले, “बाहेरून देखणी दिसते.” “बाहेर राहायचंय कुणाला?” मावशींचा आवाज चढला. “अंधारात सुईत दोरा ओवून दाखवा बघू!” सरांनी हसून संमतीपत्र पुढे सरकवलं. “तुमच्या सहीशिवाय स्पर्धा हुकेल, आणि वर्षाचे मार्क तिच्यावरच आहेत. पोरांचं वर्ष वाया घालवणार का?” मावशींनी सही केली, पण वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘खिडकी नाही, संमती नाही.’ मापं घेणाऱ्यांतली एक मुलगी तरातरा पुढे आली. “वर्ष मी पुन्हा करीन, सर,” म्हणत तिने त्याखाली आपलंही नाव लिहिलं.