बारा पाकळ्यांचा ठसा

मर्गिलान शहरातल्या लोहाराकडे मोहिगुल तिसऱ्यांदा ठसा बदलून घ्यायला आली होती. साखरपुड्याच्या नानवर त्याचीच नक्षी उठवायची, तो नान दोन्ही घरांनी मोडला की लग्न पक्कं! घरच्यांनी ठरवलेला नवरा तिला नको होता, पण तिला विचारतंय कोण? म्हणून ती दर वेळी खोट काढायची. "पाकळ्या सारख्या नाहीत, उस्ताद!" "पोरी, एवढी कटकट सासूही करत नाही!" लोहार हसला. त्यानं नव्या ठशाच्या दात्यांवर कंपास फिरवला, ठसा कणकेवर दाबला. बाराही पाकळ्या तंतोतंत! मोहिगुलला बोट ठेवायला जागाच उरली नाही. तिनं ठसा ओढणीत गुंडाळला. वाटेत खोल कालवा होता, हातातून निसटला म्हणता आलं असतं. ती निघाली तसा लोहार ओरडला, "हरवला तरी घाबरू नकोस गं! तुझ्या आईनं दोन सांगितले होते, दुसरा सकाळीच नेलाय. घरी तंदूरही पेटवलाय म्हणे!"