साहेबांचं वावडं

समारंभाच्या पाहुण्यांच्या यादीतलं स्वतःचं खोडलेलं नाव पोंक्षे इंजिनियरांनी दोनदा वाचलं. देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्रावर त्यांची नऊ वर्षं गेली होती. यादीवर लाल पेन्सिल चालवली होती ती साखर खात्यातून परवापरवा आलेल्या टिपणीस साहेबांनी.

समारंभाच्या सकाळी पोंक्ष्यांनी विश्रामगृहावर फोन लावला. "साहेब, अणुभट्टी क्रिटिकल झाली."

अणू फुटण्याची साखळी आपली आपण चालू लागली की इंजिनियर असं म्हणतात आणि पेढे वाटतात. साहेबांनी हा शब्द फक्त दवाखान्यातच ऐकला होता.

"अरे देवा! काही करता येईल का?"

"आता आपोआपच चाललंय, साहेब."

"आणि माणसं?"

"दोघं-तिघं रडताहेत. तुम्ही येताय ना?" पोंक्ष्यांनी अगदी आदराने विचारलं. एकही शब्द खोटा नव्हता.

पाचच मिनिटांत साहेबांची गाडी फाटकासमोरून मुंबईच्या दिशेने सुसाट गेली. साहेब बनियनवरच होते.

तासाभराने मंत्री आले. "टिपणीस दिसत नाहीत?"

"त्यांना प्रसिद्धीचं वावडं आहे," असं म्हणून पोंक्षे मंचावरच्या टिपणिसांच्या खुर्चीत ऐसपैस बसले.