नव्या खोक्यातली नळी

डॉक्टर वसुधा कर्णिकांनी रक्ताची नळी हलकेच कलंडवून पाहिली. वीस मिनिटं झाली, तरी रक्त पाण्यासारखं वाहत होतं.

हौसाबाईंच्या रघूला जन्मापासून हिमोफिलिया होता. जखम झाली की रक्त लवकर थांबत नसे. या आजारावर डॉक्टरबाईंनी तीस वर्षं संशोधन केलं होतं. त्यांच्या नव्या औषधाचं इंजेक्शन सकाळीच रघूला दिलं होतं. नळीतलं रक्त दहा मिनिटांत गोठलं, तरच त्याची दोन महिने ठणकणारी दाढ काढता येणार होती.

"औषध लागू पडलं नाही, हौसाबाई," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

दही विकणाऱ्या हौसाबाई नळीकडे निरखून बघत होत्या. "बाई, दरवेळी काचेची नळी असते तुमची. आज प्लास्टिकची कशी? माझं दहीसुद्धा भांडं बदललं की रुसतं."

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. रक्त काचेला टेकलं की लवकर गोठतं, प्लास्टिकमध्ये रेंगाळतं, हे त्या दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवत. आणि आज नव्या खोक्यातली नळी त्यांनी स्वतःच उचलली होती!

पुन्हा रक्त काढलं, काचेच्या नळीत घेतलं. औषधाआधी रघूचं रक्त काचेतही तासभर गोठत नसे. नवव्या मिनिटाला बाईंनी नळी कलंडवली, मग चक्क उलटी केली. थेंबभरही रक्त हललं नाही.

"गोठलं!" हौसाबाईंनी टाळी वाजवली. "चल रे रघ्या, दाढ काढायला!"

सव्वीस वर्षांचा रघू गाल धरून हळूच दाराकडे सरकला. "आई, आता दुखत नाहीये गं."

डॉक्टरबाईंनी हसत हसत दाराला कडी घातली.