शकुबाईचं तोंड

दोन्ही संघांचे गुण सारखे, खेळ संपायला जेमतेम काही क्षण, आणि चंद्रपूरच्या पोरीनं दिव्यानीला सपशेल आडवं पाडलं. पंचानं शिट्टी फुंकली. दोन फ्री थ्रो. म्हणजे मध्ये कोणी येणार नाही, रेघेवर उभं राहायचं आणि बास्केटात बॉल टाकायचा, दोनदा. एक जरी आत गेला तरी कप चामोर्शीचा. मैदानातल्या सगळ्या माना शकुबाईकडे वळल्या.

शकुबाई पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसली होती, तोंड घट्ट मिटून.

आठवडी बाजारात सुकी मासोळी विकणाऱ्या बाईचा आवाज तो, दुसऱ्याच्या दुकानावरचं गिऱ्हाईक ओढून आणणारा. शेजारची दिव्यानी शाळेत होती तेव्हा एकदा अशीच रेघेवर उभी राहिली, सगळं मैदान गप्प, आणि पोरगी बॉल धरून नुसतीच उभी. शकुबाईचं डोकं सणकलं. "टाक ना वं भवाने! मुहूर्त पाहून राह्यली काय?" पोरगी खुदकन हसली आणि बॉल आत. तेव्हापासून ठरूनच गेलं. बाकीच्या पोरींच्या वेळी मैदान चिडीचूप, दिव्यानीच्या वेळी शकुबाई शिव्या घालणार. गुणवंतराव सर खेळ शिकवायला नवीन आले, त्यांनी एकदा अडवून पाहिलं. दिव्यानीच त्यांना म्हणाली, "सर, मावशीले बोलू द्या."

आज मात्र शकुबाई बोलणार नव्हती. दिव्यानी उद्या पुण्याला चालली होती, कायमची, तिथल्या एका मोठ्या क्लबाकडून खेळायला. जा ना बाई, कोण अडवतं? पण सांगशील की नाही? शकुबाईला कळलं ते भर बाजारात, एका गिऱ्हाइकाच्या तोंडून. "तुमची दिव्यानी चालली म्हणते पुण्याले?" शकुबाईनं त्या बाईच्या पिशवीतली मासोळी परत टोपल्यात ओतली आणि तिला हाकलून दिलं. घरी नवरा समजावायला गेला, पोरीचं चांगलं होऊन राह्यलं म्हणून, तर त्याच्यापुढे ताट आपटलं. "होते तं होऊ द्या चांगलं. माह्या तोंडानं नाई होणार!"

म्हणून ती आज आली होती. घरी बसली असती तर पोरीला वाटलं असतं, मावशीला बरं नसेल. समोर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. कळू दे तिला.

शेजारच्या बायनाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "बोल ना वं. गावचा कप जाते."

"जाऊ दे. कप बी जाऊ दे पुण्याले."

दिव्यानीनं बॉल जमिनीवर आपटला. पुन्हा आपटला. थांबली. शिवी आली नाही. तिनं बॉल टाकला, तो बास्केटाच्या कडीवर थडकला आणि बाहेर पडला. मैदानभर हळहळ झाली. शकुबाईला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. आणि लगेच वाटलं, आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी. पोरगी तिथे रडवेली होऊन उभी आहे आणि आपण खूश होतोय, काय जात आहे आपली! पण तोंड काही उघडलं नाही. राग कुठे इतक्यात जातो?

पंच बॉल घेऊन पुढे आला, तर दिव्यानीनं हात पुढे केलेच नाहीत. ती वळली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "मावशी, म्हणून नाई सांगतलं वो मी तुले! तू नको म्हटलं असतं तं मी गेली नसती!"

पंचानं डोळे वटारले. गुणवंतराव सर खुर्चीतून अर्धे उठले. बायनाबाईनं ढोसणं थांबवलं.

नको म्हटलं असतं? हो, म्हटलंच असतं. एसटीपुढे आडवी पडली असती शकुबाई. पदर पसरला असता, शपथा घातल्या असत्या, आणि ही येडी पोरगी खरंच राहिली असती. इथेच, या चामोर्शीत. हे सगळं त्या एवढ्याशा पोरीनं आधीच ओळखलं होतं, याचा शकुबाईला जितका संताप आला तितका बाजारातसुद्धा आला नव्हता.

ती उठून उभी राहिली.

"मंग जाय ना मेले!" इतका वेळ कोंडून ठेवलेला तो आवाज मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेला. "तोंड काय पाहून राह्यली माहं? टाक आन जाय! इथी पुन्हा दिसली तं तंगडं तोडीन तुहं!"

दिव्यानी हसली की रडली ते लांबून कळलं नाही. तिनं बॉल घेतला आणि फार विचार न करता टाकला. तो आत गेला. चंद्रपूरच्या पोरी बॉल उचलून धावेपर्यंत शेवटची शिट्टी झाली आणि सगळं गाव मैदानात घुसलं.

पोरींनी दिव्यानीला खांद्यावर घेतलं होतं. ती धडपडत खाली उतरली, गर्दीतून वाट काढत आली आणि शकुबाईच्या पायाशी वाकली. शकुबाईनं झटकन पाय मागे घेतले. दोन्ही दंड धरून तिला उभी केली, गदागदा हलवली. पोरीच्या अंगाचा घाम तिच्या हाताला लागला.

"तिथी," ती कशीबशी म्हणाली, "तिथी तुले शिव्या कोण देईन वं?"