गाडीतली शिट्टी

थोरला गेला तो गाडी चालवताना फोनवर बोलण्याच्या नादात. तेव्हापासून आईचा फोन आला की धाकट्याला पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गाडी बाजूला घेतलीस ना रे?"

धाकट्याची नोकरी फिरतीची. दर फोनला थांबायला सवड कुणाला? "घेतली गं आई," म्हणत तो तसाच गाडी पळवायचा. जेवलास का, एवढंच विचारून ती फोन ठेवून द्यायची.

त्या जुन्या गाडीच्या स्पीकरमध्ये सतत शिट्टी वाजायची आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढायची. फोनवर ती ऐकून गिऱ्हाइकंही कुरकुरायला लागली, तेव्हा त्याने मेकॅनिक गाठला. मेकॅनिकने स्टिरिओ बाहेर काढून अर्थिंगची सैल वायर घासूनपुसून पक्की केली. "इंजिनाचा आवाज आत शिरत होता. आता कितीही पळवा, शिट्टी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी गाडी भर वेगात असताना आईचा फोन आला. "घेतली गं बाजूला," तो सवयीने बोलून गेला. पलीकडे आईने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली,



"आज खरंच थांबलास रे. एरवी ती शिट्टी ऐकली की मी घाईने फोन ठेवून द्यायचे. आज जरा निवांत बोलू."