चांदणीचं टाकं

आमचे अब्बा बल्लारपूर स्टेशनवर टांगा चालवतात. त्यांच्या चांदणी घोडीने पाण्याचा प्लास्टिकचा टब लाथेने फोडला, मग पत्र्याचा चेपवला. अब्बा म्हणाले, "आता जे आणू तेही फुटलं, तं घोडी विकून आटो घेतो."

"मंग पसंत मी करीन," मी म्हटलं.

दुकानात मी एकेक टाकं पालथं करून त्यावर उड्या मारल्या. दुकानदार म्हणाला, "पोरी, काऊन नाचून राह्यली?"

"घोडीच्या वतीनं पाहून राह्यली, भाऊ."

शेवटी सिमेंटचं जाडजूड टाकं घरी आलं. चांदणीने रोज लाथा घातल्या, पण साधा टवका उडाला नाही. मी मोहल्ल्यात मान वर करून हिंडले.

आज दुपारी टाकं पुन्हा कोरडं पडलं आणि ते भरायचं राहिलं. चांदणीने त्याला दोन लाथा मारल्या, पण सिमेंटचा आवाज घरात कुठून येणार? मग ती खुंटा उपटून अंगणातून आली आणि तिने आमच्या दारावर लाथ मारली. दार आडवं झालं.

"म्हणजे इतके दिवस ही पाणी मागून राह्यली होती," अम्मी म्हणाली.

अब्बा पडलेलं दार उचलायला वाकले. मी बादली उचलली.

"अब्बा, शर्त टाक्याची होती. दाराची नाई."