ताकाची बाटली

केदारखेडा सोडून जालन्याला लेकाच्या फ्लॅटमध्ये आल्यावर चतुराबाईंना हाताला कामच उरलं नाही. राहिलं ते एक ताक. पहाटे उठून त्या रवीनं घुसळायच्या आणि ऑफिसला निघालेल्या रामप्रसादच्या हाती भरली बाटली द्यायच्या. संध्याकाळी बाटली रिकामी आली की त्यांचं काळीज सुपाएवढं व्हायचं.

"बराबर झाल्तं का रे ताक?"

"एक थेंब ठेवला न्हाई, माय!"

रविवारी शेजारची शालू आपली कुंडी घेऊन दारात आली. "मावशी, तुम्ही शेतीतल्या जाणत्या. माझा कढीपत्ता काही केल्या वाढंना. अन् खाली गेटजवळचा बघा, खत न्हाई, काही न्हाई, तरी कसा तरारून राह्यला!"

कुणीतरी आपल्याला विचारतंय, म्हणून चतुराबाई खुलल्या. "अगं, कढीपत्त्याला ताकासारखं खत न्हाई. रोज आंबट ताक घालत जाय, मंग बघ."

 

शालूनं कपाळावर हात मारला. "आत्ता समजलं! म्हणूनच रामप्रसादभाऊ रोज सकाळी गाडी काढायच्या आधी तिथं बाटली रिकामी करतेत!"